चटका न बसणारा दिवा

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२४ नोव्हेंबर २०१५

ती. सौ. शीलावहिनीस,
शिवराजचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर भांडत बसण्यापेक्षा पत्र लिहा, कागद संपेस्तोवर तरी राग निवंल, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून लिहितोय. दोनदा तुमचा फोन मधेच कापला त्याची माफी असावी. आता कापायलाही काही उरलं नाही, परवा मी तो भिंतीवर आपटला.

लासूरच्या सखारामच्या जीपमधून पाच बल्ब पाठवलेत. चिकलठाण्यात ज्या शेडात मी कामाला आहे तिथं हेच जोडतो. एलईडी. नऊ वॅटचा आहे, पण उजेड साठच्या पिवळ्या बल्बाएवढा. आपल्या वस्तीवर संध्याकाळी लाईटीचा दाब पडला की पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा लाल होऊन बसतो, हा तशातही पांढराफेक राहतो. लवकर जात नाही. गेला तर मात्र फेकायचाच, दुरुस्ती नाही. आणि तासभर जळला तरी वरच्या गोळ्याला हात लावून बघा, चटका बसत नाही. मी दिवसातून शंभर वेळा धरतो.

काम बरं आहे. तपासणीच्या फळीवर साठ बल्ब एकदम पेटवायचे आणि त्यातला कोणता मिणमिणतो ते बघत बसायचं. संध्याकाळी डोळ्यांपुढं हिरवे ठिपके नाचतात. इकडं नव्या इमारती उठतायत. रिकाम्या फ्लॅटांत आमचे बल्ब आधी पोचतात, माणसं मागून. माझ्या खोलीला पाचव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी शेजारचे लोक जिन्यात भेटतात, बादल्यांवरून भांडतात, मग पुन्हा चार दिवस कोणाचा आवाज नाही. वहिनी, मला ते भांडणसुद्धा बरं वाटायला लागलंय.

खोली पुंडलिकनगरातच कशाला, असं तुम्ही विचारालच. व्हय, तनुजाचं घर दोन गल्ल्या पलीकडं आहे. मी तिच्या वाटेला जात नाही, शपथ. वर्गातल्या एकानं फळ्यावर तिचं नाव लिहिलं, मी त्याला मारलं, माफी माग म्हणाले तर कॉलेजच सोडून आलो. आणि तिनं काय म्हणावं? तुला कोणी सांगितलं होतं? वर्ष होत आलं, ते कानातून जात नाही.

एकच विचारतो. तोंड दाखवू नको म्हणाल्यापासून आप्पांनी माझं नाव एकदा तरी काढलं का? त्यांनी ये म्हटलं तर मी उद्या निघतो. खरं तेच लिहा.

लोभ आहे तेवढा राहू द्या. तो पातळ झाला तर इथं माझ्यापाशी दुसरं काही नाही.

आपला,
शिवराज


धनगरवस्ती, लासूर स्टेशन
४ डिसेंबर २०१५

चि. शिवराजभाऊजींस,
शीलाचा अ. उ. आ.

पाचही बल्ब धड पोचले. पहिला स्वैपाकघरात लावला आणि माझी इज्जत गेली. रोज पुसते, तरी चुलीमागं इतकी काजळी हाय हे मला आता कळलं. तुमच्या दादाचे पिकले केसही मोजता येतात. ते म्हणतात, लग्नाआधी असला दिवा असता तर तुझ्या बापानं मला पोरगी दिलीच नसती. पिठातला किडा दिसतो, उंबऱ्यातला विंचू दिसतो, हे लई चांगलं झालं. पण माझी हिरवी चोळी निळी दिसते. आणि आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना हा उजेड टोचतो. दिव्याकडं पाठ करून जेवतात. चटका बसत नाही हे वाचून दादा म्हणाले, बल्ब थंड आन् जोडणारा तापट.

त्या पोरीनं तुम्हाला तोंडावर सांगितलंय, भाऊजी. आता कशाची वाट बघताय? वाईट वाटंल, पण वहिनी नाय बोलणार तर कोण बोलणार.

आता तुमच्या प्रश्नाचं. तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचते तेव्हा आप्पा दाराकडं तोंड करून बसतात, पण उठून जात नाहीत. इतके दिवस नाव काढलं नव्हतं. काल काढलं.

झालं असं, की पाऊस नाय, चारा नाय, मेंढ्यांना दूध नाय, त्यामुळं यंदाची कोकरं लई अशक्त. पाच कोकरं रातीची बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवतो. ऊब राहावी म्हणून दादानं त्यावर शंभरचा पिवळा बल्ब टांगला होता, तो गेला. लासूरच्या बाजारात तसला मिळेना. तुमच्यातला एक उरलाय. आप्पा म्हणाले, शिवराजला विचार, कोकरांवर हा लावला तर चालंल का. नाव घेऊन म्हणाले बरं का. मी दोनदा विचारलं, काय म्हणालात, तर चिडले.

तोवर आगटी पेटवतो, पण धुरानं कोकरं खोकतात. लवकर कळवा. पोटाला नीट खात जा.

तुमची माया उणी पडू देऊ नका.

शीला


पुंडलिकनगर
९ डिसेंबर २०१५

वहिनीस,
न. वि. वि.

पत्र मिळालं. तनुजाच्या घरावर कालपासून लाईटिंग केलंय. गच्चीपासून फाटकापर्यंत निळ्या-पांढऱ्या माळा. एलईडीच्या. मी समोरच्या टपरीशी उभा होतो. एखादा तरी मिणमिणेल म्हणून बघत राहिलो, एकही मिणमिणला नाही. मंडपवाल्याला विचारलं. म्हणाला, पोरीचं लग्न हाय ना रविवारी, नवरा पुण्याचा.

दिवा लावायचा विचारता ना, लावा. सगळीकडं लावा. पिवळा एकही ठेवू नका. आणि मला असलं बारीकसारीक विचारत बसू नका.

शिवराज


धनगरवस्ती, लासूर स्टेशन
२३ डिसेंबर २०१५

चि. शिवराजभाऊजींस,
शीलाचा अ. आशीर्वाद.

लिहू का नको करण्यात इतके दिवस गेले. त्याला कळवू नको, असं आप्पांनी सांगितलं होतं. पण दुसऱ्या कोणाकडून ऐकाल त्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

तुमचं पत्र आलं त्याच सांजंला दादानं बल्ब डालग्यावर लावला. आप्पांनी खाली हात धरला आणि म्हणाले, ऊब लागत नाय. मी म्हणलं, मग आगटी राहू द्या. तर म्हणाले, पोरगं शिकलेलं हाय, रोज तेच काम करतं, त्यानं हो लिहिलंय तर त्या उजेडात काहीतरी असंल, आपल्याला कळत नसंल. आगटी विझवली. वर गोणपाट टाकलं. त्या राती थंडी लई पडली. सकाळी पाचातली तीन गेली होती. बरोबर दिव्याच्या खाली, एकमेकांवर चढून बसली होती. उरलेली दोन दादानं घोंगडीत छातीशी धरली, ती जगली.

दादा तुमच्या नावानं लई बोलले, ते लिहीत नाही. आप्पांनीच त्यांना गप्प केलं. म्हणाले, त्याला तरी काय ठावं व्हतं.

इथलं पाणी संपलं. टँकर येतो तो माणसांपुरता. परवा शुक्रवारी मेंढरं घेऊन गोदेच्या अंगाला निघतोय, बिऱ्हाड घोड्यावर. घराला कुलूप राहील. पत्र लिहिलंत तर लासूर स्टेशनात कडूबाकाकांच्या किराणा दुकानी टाका. दादा बाजाराला गेले की घेऊन येतील.

तनुजाचं वाचून जीव तुटला. पण जेवण सोडू नका. माझ्यावर रागवा हवं तर, अबोला धरू नका.

शीला


पुंडलिकनगर, औरंगाबाद
२८ डिसेंबर २०१५

तीर्थरूप आप्पांच्या पायाशी,
शिवराजचा शि. सा. न. वि. वि.

वहिनी हे वाचून दाखवतील. दादाला पण बसवा.

त्याला तरी काय ठावं व्हतं, असं तुम्ही म्हणालात. आप्पा, मला ठावं होतं. पिवळा बल्ब सगळी वीज तापण्यात घालवतो, हा तापत नाही, हाच याचा गुण, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. तोच गुण कोकरांना बाधंल हे माझ्या ध्यानात आलं असतं, पण मी वहिनीचं पत्र नीट वाचलंच नव्हतं. टपरीशी उभं राहून, एक डोळा त्या माळांवर ठेवून चाळलं. बल्ब लावू का, एवढंच दिसलं. डालगं दिसलं नाही. कोकरं दिसली नाहीत. तुम्ही माझं नाव घेऊन विचारलंय, हेसुद्धा मला आज दिसलं, ते पत्र पुन्हा उघडल्यावर. वर्षभर मी त्याच एका ओळीची वाट बघत होतो आणि ती आली तेव्हा मी दुसऱ्याच्या घराकडं बघत होतो.

तुमच्या हाताला कळलं होतं. तुम्ही हाताचं ऐकलं नाही, माझ्या कागदाचं ऐकलं. मी शिकलेलाही नाही, अर्ध्यातून पळालेला आहे. त्या पोराला मारलं तेव्हाही मी कोणाचं काही ऐकून घेतलं नव्हतं.

मालकाला मी सांगितलंय, जानेवारीअखेर सुटतो. हे सांगताना ओरडलो नाही. इथं राहून मी काही बघत नाही आणि कोणी मला बघत नाही. बोलवा म्हणत नाही, तो हक्क राहिला नाही. मेंढरं कुठं बसलीत तेवढं कडूबाकाकांजवळ सांगून ठेवा. नाही सांगितलंत तरी समजून घेईन. मग दुसरीकडं कुठं काम बघेन, पण तुम्हाला खोटं कळवणार नाही.

माया असेल तर असू द्या. नसेल तर मेंढरांमागचं काम तरी द्या.

तुमचा,
शिवराज


गोदाकाठ, कायगावच्या अलीकडं
१२ जानेवारी २०१६

चि. शिवराजभाऊजींस,
शीलाचा अ. उ. आ.

दादा कालच्या बाजाराहून तुमचं पत्र घेऊन आले. आप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळेला दाराकडं तोंड करायला इथं दारच नाही, त्यामुळं माझ्याकडं बघत ऐकलं. भाकर अर्धी ठेवून उठले.

आज सकाळी मेंढरं सोडताना मला विचारलं, शिवराजच्या पायात काय असतं. मी म्हणलं, सँडल असंल, शहरातलं. म्हणाले, इकडच्या रानात बाभळीचा काटा त्यातून आरपार जाईल, त्याला लिही, लासूरला उतरला की आधी मोचीकडं जाऊन जाड तळाच्या वहाणा घे म्हणावं, मगच चालाय लाग.

तेवढंच म्हणाले.

शीला