कडक सोमवार

२४ ऑक्टोबर २००५
राजारामपुरीत समुपदेशक मॅडमना भेटले. केवळ पद्धत समजून घ्यायला. अडचण किरकोळ आहे: कोणी बघत असले की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उपवास सांगते. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. एरवी पोट बिघडल्याचे सांगते.
मॅडम म्हणाल्या, 'सगळे मलाच बघतात' हा विचार. त्यातून भीती, भीतीने टाळणे. टाळल्यामुळे तो विचार खरा की खोटा, हे कधी तपासलेच जात नाही. समजले. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, तपासणे हेच काम. दोन भेटींत संपेल.

१० नोव्हेंबर
होमवर्क: मैत्रिणीसमोर बिस्किट खाणे. खाल्ले. संयोगिताला डोळे मिटायला सांगितले होते. मॅडम याला यश म्हणत नाहीत.

२२ नोव्हेंबर
कारखान्यात झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईंचे सोळा सोमवार पुरे झाले. येत्या सोमवारी संध्याकाळी घरी उद्यापन. मानाची म्हणून मला बोलावले. "शांभवीताई, एवढे उपास तुमच्याबिगर कोण करतंय? तुमीच पयला घास घ्यायचा." नाही म्हणता आले नाही. मॅडम खूश. म्हणाल्या, तिथे जेवा आणि खरेच किती जण बघतात ते पाहा. माझी तयारी पूर्ण आहे.

२८ नोव्हेंबर
पाटाभोवती रांगोळी. ताटात चुरमा. सगळे हात जोडून माझ्याकडेच बघत होते. खरोखर सगळे. मी खाल्ल्याशिवाय कोणी जेवणार नव्हते. झुंबरबाईंचे यजमान पिराजी म्हणाले, "घ्या की ताई, लाजतासा कशापायी? पोरं खोळंबल्यात."
मी म्हणाले, आमच्यात सोमवार कडक असतो, मंगळवारी सकाळी सुटतो.
मग झुंबरबाईंनीच माझे पाय धरले. "चुकी माजी. आदी इचाराय पायजे हुतं."
निष्कर्ष: चाचणीची परिस्थिती सदोष. माझ्यात विशेष दोष नाही.

२९ नोव्हेंबर
मॅडमची वेळ रद्द केली. कामाचा ताण.

५ डिसेंबर
झुंबरबाईंनी सकाळचा चहा घेतला नाही. मानाचा घास पडला नाही, म्हणून उद्यापन पावले नाही म्हणे. परत सोळा सोमवार धरलेत. "आणि ह्या टायमाला तुमच्यावानी कडक करतो, ताई. मंगळवारीच सोडतो. तुमी शिकल्याली बाई एवढं करता, मग मला काय धाड भरलीया?"
खरे सांगणार होते. त्या माझ्याकडेच बघत होत्या.
दुपारी स्टोअररूमचे दार आतून लावून डबा खाल्ला. सगळा. बाहेर त्या झाडत होत्या.