तिने पाय दिला तेव्हा

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आज सेंटरवरून घरी आले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

आपण कोपरीत राहायचो तेव्हा तू घरोघर जाऊन बाळांना तेल लावायचीस, न्हाऊ घालायचीस. मी दहा वर्षांची असताना मागच्या चाळीतल्या एका बाईने तुला बोलावलं. तिची तीन वर्षांची मुलगी बोलायची नाही, कुणी हात लावला की किंचाळायची. ऑटिझम हा शब्द तेव्हा आपल्याकडे कुणी ऐकलेला नव्हता; लोक तिला हट्टी म्हणायचे. मी तुझ्याबरोबर आलेले. तू नुसती फरशीवर बसलीस आणि स्वतःच्याच पायाला खोबरेल चोळत राहिलीस. मला वाटलं, आपण मदत करावी, म्हणून मी तिचा दंड धरला. ती ओरडत मोरीत जाऊन दडली. घरी येताना तू म्हणालीस, "धरून ठेवायचं नसतं गं. तिने हात दिला तर घ्यायचा." आवाज चढवला नाहीस, तरी मला रडू आलं. पुढे आठ-दहा दिवस तू रोज दुपारी जाऊन तशीच बसलीस. मग एकदा तिने आपणहून पाय तुझ्या मांडीवर ठेवला. मला अजून दिसतं: तिची आई दारात उभी आहे, पदर तोंडाला लावलेला, आणि तू तिला हातानेच खुणावते आहेस, बोलू नकोस. चौथी शिकलेली तू. हे तुला कुणी शिकवलं होतं?

आता मी घोडबंदर रोडच्या एका सेंटरमध्ये अशा मुलांना मसाज करते, आईवडिलांनाही शिकवते. दोन महिन्यांपूर्वी चार वर्षांची एक मुलगी आली. तिसऱ्या खेपेला तिचे वडील म्हणाले, "मॅडम, आज तरी हात लावणार का तिला?" मी म्हटलं, "ती लावू देईल तेव्हा." आणि माझ्याच तळपायाला तेल लावत बसले. पाचव्या खेपेला तिने टाच पुढे केली. मी थांबले की माझा हात ओढून परत टाचेवर ठेवायची. मसाजने ती बोलायला लागेल असं मी कुणाला सांगत नाही. पण काल तिने वडिलांना नखं कापू दिली, न रडता, कुणी न धरता. आज आल्याआल्या त्यांनी मला आधी हेच सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी माझ्या कॉलेजचं नाव सांगितलं. दरवेळी तेच सांगते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहायला जमतंय: माझी आई घरोघर तेल लावायला जायची, हे तिथे अजून कुणालाही माहीत नाही.