कासवीला माती हवी

चिमणे,

तुझी आई गेल्याचा फोन आला त्या दिवसापासून तिची कासवी भिंत खरवडतेय. शेजारीण मला म्हणाली, "मुक्या जिवाला कळतं हो, माणसांना नाही." माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, म्हणून मला कासवीचा रागच आला. तूही आईबद्दल तिच्याशीच बोलत बसतेस.

काल जनावरांचे डॉक्टर हसले. "शोक कसला, काका! अंडी घालायला जागा शोधतेय ती." ऐकून मला बरं वाटलं, इतका हेवा साठला होता.

पण वीतभर खोल, मऊ माती मिळाली नाही, तर अंडी पोटात अडकून तिच्या जिवावर बेतेल. मोठा टब बाल्कनीत ठेवलाय. मी कामावर निघालो. माती आणून भरायची राहिली आहे, आणि आपलं दोघांचं आईबद्दल बोलणंही.

बाबा