चार जुलैपर्यंत निष्कर्ष नाही

१४ मे, शुक्रवार, संध्याकाळ
बेसबॉलच्या हंगामाचा पहिला सामना. आपला गावचा संघ कोलबर्न बटन्स चार, पाहुणे नऊ. घाबरण्याचं कारण नाही.

यंदाची रोजनिशी फक्त आपल्या बॅटर लोकांच्या अभ्यासासाठी. मागच्या वर्षी मध्येच हवामान, गुडघा असले विषय शिरले. यंदा शिस्त. मुख्य नियम: चार जुलैपर्यंत कोणाबद्दलही निष्कर्ष काढायचा नाही. सुरुवातीचे आकडे फसवे असतात. लोक उतावळे असतात. मी नाही.

अरोचा, पहिला बॅटर: पाय चपळ, डोकं शांत.
हॅमेल, चौथा: ताकद बैलाची. चेंडू दिसत नसावा.
स्टॅनेक, पाचवा: चौथ्या इनिंगमध्ये दोघे बाद, तिन्ही बेसवर आपली माणसं, आणि यानं चेंडू सरळ आभाळात चढवला. सेकंड बेसवाल्यानं जागचं न हलता झेलला. पोरगा कामाचा नाही. हा निष्कर्ष नव्हे, निरीक्षण.

नेमकी त्याच वेळी व्हर्ना काहीतरी म्हणाली. बायकोला हे बरोबर जमतं, तिन्ही बेस भरले की बोलायचं. मी 'हं' म्हटलं. सातव्या इनिंगला प्रथेप्रमाणे सगळे गाणं म्हणायला उभे राहिले तेव्हा पाहिलं, शेजारची सीट रिकामी. हॉटडॉगला रांग असणार.

घरी आलो. तिची गाडी नाही. फ्रिजवर चिठ्ठी: ग्लेनीसकडे चाललेय, खिम्याचा मीटलोफ खालच्या कप्प्यात आहे. ग्लेनीस म्हणजे तिची बहीण, व्हिटकॉमला असते, दीड तासाचा रस्ता. परत कधी येणार ते लिहिलेलं नाही. म्हणजे लवकरच.

मीटलोफ चांगला होता.

उद्या: स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करणे.

१५ मे, शनिवार
हरलो. माझ्या मागच्या रांगेत ऑर्व्हिल बसतो आणि शेंगांची टरफलं माझ्या कॉलरमध्ये टाकतो. त्यानं विचारलं, आज व्हर्ना कुठंय? म्हटलं, बहिणीकडे. तो म्हणाला, मेलो! मग स्कोअर कोण लिहिणार, तू?

स्कोअरकार्ड वर्षानुवर्षं व्हर्नाच लिहिते. मी विश्लेषण करतो. कामाची वाटणी आहे. आज मीच लिहिलं. पाचव्या इनिंगपासून पुढचं वाचता येत नाही. पेन्सिल खराब.

नळ राहिला.

१७ मे, सोमवार
संघाला सुट्टी. नळासाठी उत्तम दिवस. पण आधी कोचसाठी अहवाल लिहायला घेतला आणि त्यातच संध्याकाळ झाली. मथळा: 'बटन्सची फलंदाजी, काही प्राथमिक विचार'. सारांश: स्टॅनेकला बाहेर बसवा. कोच हायनीच्या गाडीच्या वायपरखाली ठेवून आलो.

जेवण: डब्यातले बीन्स. गरम करायची गरज नसते, हे इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं.

२२ मे, शनिवार
माझ्या दुकानात आज गिऱ्हाईक कमी. कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर बसून विचार केला. बेसबॉल हा एकच प्रामाणिक खेळ आहे. दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिलेला माणूस सात वेळा फसतो, तीनदा टोला लागतो, आणि त्याला आपण उत्तम म्हणतो. हाच नियम घरात लावला तर? बायकोनं दहा प्रश्न विचारले आणि त्यातल्या तीनचं उत्तर मिळालं, तर नवरा उत्तम. माझा आकडा तीनच्या वरच असेल. व्हर्नानं हे या बाजूनं कधी पाहिलेलं नाही.

तिला सांगायला फोन केला. ग्लेनीसनं उचलला. म्हणाली, देते, पण आधी सांग, बोलणार काय आहेस तिच्याशी? म्हटलं, अरोचानं काल पिचरला चकवून दोन बेस चोरले. ग्लेनीस म्हणाली, ती आंघोळीला गेलीये. दुपारी चार वाजता. व्हिटकॉमचे लोक असेच.

२९ मे, शनिवार
व्हर्नाचाच फोन आला. अंदाज बरोबर होता, थांबलं की सगळं होतं.

ती म्हणाली, एल्डन, तुला मला काही विचारायचं नाही का? विचारलं, तू स्कोअर कुठल्या पेन्सिलनं लिहितेस? ती म्हणाली, दोन नंबरची, सिंकखालच्या ड्रॉवरमध्ये. मी फोन घेऊन सिंकजवळ गेलो. फोनमधून तिला नळ ऐकू गेला. म्हणाली, अजून गळतोय. कान चांगले आहेत तिचे. म्हणाली, वॉशरही त्याच ड्रॉवरमध्ये आहे, मी मागच्या उन्हाळ्यात आणून ठेवलाय. मी म्हटलं, बरं.

पेन्सिल सापडली. फरक जाणवतो.

ठरवलं: पुढच्या रविवारी, सहा जूनला, व्हिटकॉमला जाऊन तिला घेऊन येणे.

३ जून, गुरुवार
स्टॅनेकला संघातून काढलं! अहवाल वाचला गेला तर.

कोच हायनी पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, एल्डन, तुझे कागद फार उपयोगी पडतात बघ. माझ्या गाडीखाली तेल गळतं ना, तिथं अंथरतो. काय शोषतात! आणखी असतील तर दे. विनोदी माणूस. जाता जाता म्हणाला, व्हर्नाला सांग, तिची आठवण काढली. मी म्हटलं, ती येतेच आहे.

स्टॅनेक बॅग घेऊन बसथांब्यावर उभा होता. जेमतेम तेवीसचा. त्यानं हात केला. मी केला नाही. अभ्यासकानं अंतर ठेवावं.

६ जून, रविवार
गेलो नाही. आज इथं एकाच दिवशी दोन सामने होते. ही गोष्ट तारीख ठरवताना लक्षात आली नाही. दोन्ही हरलो. दुसऱ्या सामन्याला मैदानात मी, ऑर्व्हिल आणि पाहुण्या पिचरची आई. तिनं शेवटी आम्हाला रूबार्ब-पाय दिला, आंबटगोड सारणाचा, भाजलेला. घरी येऊन उरलेला अर्धा खाल्ला. चमच्यानं, सिंकजवळ उभं राहून.

हॅमेलला चष्म्याची गरज आहे. दुसरा अहवाल.

१२ जून, शनिवार
स्टॅनेकला व्हिटकॉमनं घेतलं. त्यांच्या संघाचं नाव क्रोज. सरळ कावळे म्हणावं. उकिरड्यावरचं उचलायचं हीच त्यांची पद्धत. काल त्यानं तीन टोले मारले, असं रेडिओवर सांगितलं. तीन टोल्यांवरून काही ठरवणं म्हणजे अज्ञान.

१५ जून, मंगळवार
धक्कादायक. फोन केला तर मागून कोणीतरी जोरात हसत होतं. व्हर्नाला विचारलं, कोण आहे? म्हणाली, रॉनी. कोण रॉनी? म्हणाली, रॉनी स्टॅनेक.

आपल्या या छोट्या लीगमध्ये पोरांना भाड्यानं राहणं परवडत नाही, गावातली कुटुंबं त्यांना हंगामापुरतं ठेवून घेतात. ग्लेनीसच्या वाट्याला हा आला. व्हर्ना त्याला रोज सकाळी अंडी करून घालते. माझी बायको कावळ्यांच्या बॅटरला पोसते आहे, आणि इथं मी थंड बीन्स खातोय.

मी म्हटलं, तो चेंडू आभाळात चढवतो. ती म्हणाली, चढवायचा. डावा खांदा टोल्याआधीच उघडायचा म्हणून. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मावशी, कोलबर्नला हे कोणी बोललंच नाही मला.

मी म्हटलं, तुला एवढं दिसलं होतं, तर मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं होतं, एल्डन. पहिल्याच सामन्यात, तिसऱ्या इनिंगला.

तिसऱ्या इनिंगला हॅमेल तीन स्ट्राइकवर बाद झाला होता. ते मला स्वच्छ आठवतं.

१९ जून, शनिवार
जिंकलो! एक जाडा माणूस दोन हॉटडॉग घेऊन आला आणि विचारलं, ही सीट रिकामी आहे का? म्हटलं, नाही, येतेय ती. मग व्हर्नाच्या सीटवर माझं जॅकेट नीट पसरून ठेवलं. आठव्या इनिंगला ऑर्व्हिल मागून म्हणाला, काय म्हणतंय जॅकेट? म्हटलं, ठीक आहे.

आज त्यानं टरफलं टाकली नाहीत. बरं नसावं त्याला.

२६ जून, शनिवार
वेळापत्रक पाहिलं आणि सगळं जुळून आलं. चार जुलैचा सामना व्हिटकॉमलाच! बटन्स विरुद्ध कावळे, दुपारी एक. निष्कर्षाचा दिवस, सामना आणि व्हर्ना, तिन्ही एका खेपेत. मुद्दाम योजूनही असं जमलं नसतं.

योजना: निळा शर्ट. परतीच्या वाटेवर तिला हंगामाचा पूर्ण अहवाल वाचून दाखवणे. दीड तासात बसेल.

पिकअपमधली तिची बाजू रिकामी केली. सगळी स्कोअरकार्डं मागे टाकली. इस्त्री सापडली नाही. शर्ट गादीखाली ठेवून झोपतोय.

३० जून, बुधवार
रेडिओवर स्टॅनेकची मुलाखत. सध्या लीगमधला तिसऱ्या क्रमांकाचा बॅटर आहे तो. अजून जुलै लागलेला नाही, हे नमूद करतो. मुलाखतवाल्यानं विचारलं, बाबा, अचानक काय झालं तुला? तर म्हणे, घरी गेलं की कोणीतरी विचारतं, आज कसं गेलं? आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबतं.

असल्या गोष्टींनी बॅट चालत नसते. तिसऱ्या अहवालात यावर एक परिच्छेद.

नळ आता थेंबथेंब नाही, धार लागलीये. व्हर्ना आल्यावर बघू.

४ जुलै, रविवार, दुपार. व्हिटकॉमच्या पार्किंगमध्ये, पिकअपमध्ये बसून
नंतर आठवणार नाही म्हणून आत्ताच लिहितो.

व्हर्ना तिसऱ्या बेसमागे बसली होती. कावळ्यांची काळी टोपी. मांडीवर स्कोअरकार्ड, टोकदार पेन्सिल. मला पाहून ग्लेनीस लेमोनेड आणायला उठली. तिच्या हातातला ग्लास भरलेला होता.

मी बसलो. म्हटलं, चार जुलै आहे. व्हर्ना म्हणाली, माहितीये. म्हटलं, निष्कर्ष काढलाय, घरी चल. ती माझ्या शर्टाकडे बघत होती. सुरकुत्या होत्याच. म्हणाली, येते.

खरंच म्हणाली, येते. पुढं म्हणाली, फक्त एक सांग. पहिल्या सामन्यात, चौथ्या इनिंगला, मी तुला काय विचारलं होतं?

मला सगळं आठवत होतं. दोघे बाद, तिन्ही बेस भरलेले, तिसऱ्यावर अरोचा. स्टॅनेक, दुसराच चेंडू, सरळ आभाळात. सेकंड बेसवाल्यानं झेलला. वारा डावीकडून. सगळं सांगितलं तिला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरोबर आहे, माझ्या कार्डातही असंच आहे.

मग तिनंच सांगितलं. तिनं विचारलं होतं, एल्डन, मी आत्ता इथून उठून गेले तर तुला कितव्या इनिंगला कळेल?

मी म्हटलं, सातव्या. आकड्यांच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.

ती म्हणाली, सहावी संपेपर्यंत मी जिन्यात उभी होते. तिथून तुझं डोकं दिसत होतं.

मी काहीतरी बोलणार होतो. चांगलं काहीतरी असणार ते. तेवढ्यात खाली बॅटचा आवाज झाला. स्टॅनेक. आवाजावरूनच कळतं. सगळं मैदान उठलं, मीही उठलो. चेंडू मधल्या कुंपणावरून, फलकावरून, मागच्या मक्याच्या शेतात गेला. खांदा शेवटपर्यंत बंद होता. सुंदर.

खाली वळून पाहिलं. व्हर्ना उठली नव्हती. चेंडूकडे बघतही नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मग तिनं कार्डात होमरन लिहिला, न बघता. म्हणाली, नीट जा, एल्डन, आज स्वातंत्र्यदिन, रस्त्याला गर्दी असेल.

मी विचारलं, तू? ती म्हणाली, मी सामना संपेपर्यंत बसते.

मी तिसऱ्या इनिंगनंतर निघालो. मैदानातून असं मधूनच कधी उठलो नव्हतो. जिन्यात थोडा वेळ थांबलो. तिथून तिची टोपी दिसते.

५ जुलै, सोमवार
दुकान बंद. कालचा सामना कोणी जिंकला, विचारलं नाही.

अरोचा: अजून सांगता येत नाही.
हॅमेल: अजून सांगता येत नाही.
स्टॅनेक: उत्तम.

सकाळी ड्रॉवर उघडला. वॉशर तिथंच होता, कागदाच्या पुडीत, वर व्हर्नाच्या अक्षरात 'नळ'. बसवला. पाच-सात मिनिटांचं काम.

आता घरात काहीच ऐकू येत नाही.