आधी तुम्ही उतरा

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर शाळेचं तोंड पाहिलं न्हाई. आज समुद्रापलीकडं, कामगारांच्या छावणीत, खोलीत एकटाच बसून लिहायलोय.

भूकंपानंतरची ती पत्र्याची शाळा समोर येते. पत्रा तापलाय, तुम्ही खुर्चीत पाय पसरून नाटकातले मुकादम झालाय. आम्ही एकेकानं पुढं यायचं, तुमच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "साहेब, ही भिंत बरोबर न्हाई. आधी तुम्ही आत चला." आवाज पडला की तुम्ही ओरडायचात, "बस खाली! मेलास तू!" पोरं खिदळायची. तुम्ही हसत नव्हता. कारण एकदाच सांगितलंत. आधीपासून धक्के बसत होते म्हणून सारा गाव अंगणात झोपायचा. कुणी साहेब आले, म्हणाले, काही होत न्हाई, घरात झोपा. तुम्ही बायकोला, लेकीला आत नेलंत, आणि ढिगाऱ्यातून एकटेच निघालात. "साहेब, तुम्ही कुठं झोपणार, एवढंच विचारायचं राहिलं रे," म्हणालात आणि फळा पुसायला लागलात. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पुढं लातूरच्या क्लासेसचं वारं सुटलं. आईबाप दारात येऊन विचारायचे, "गुरुजी, ह्या नाटकाला मार्कं किती हायती?" पोरं कमी होत गेली.

माझ्या खालच्या पलंगावरचा उदगीरचा पोरगा त्याच क्लासेसमधून आलाय. डॉक्टरकीला नंबर लागला न्हाई, मग एजंटानं इथं आणलं. तुमची गोष्ट सांगितली तर म्हणतो, "तुमच्या गुरुजींची फी किती, भाऊ? हॉस्टेल होतं का?" आम्ही खोल चरात पाइप टाकतो. परवा चराच्या कडेला चीर दिसली, खालून पाणी झिरपायला लागलं. कड आवरायला फळ्या ठोकायच्या असतात, त्या ठोकल्याच न्हाईत. उदगीरचा हळूच म्हणाला, "ओली वाळू इतकी उभी राहूच शकत न्हाई, भाऊ. मला उत्तर येतंय."

"मग सांग की फोरमनला."

"त्यानं विचारलं कुठं?"

काल मी सांगितलं. मोडक्या हिंदीत, पण डोळ्यांत बघून. "साब, पहले आप उतरो." नेपाळी, बंगाली, आमचा उदगीरचा, सगळे माझ्या मागं उभे होते. फोरमन चिडला न्हाई, ह्याचीच मला भीती वाटली. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कल तू आराम कर." मग माझ्या मागं बघून विचारलं, "और कोई?" मी वळून पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडं बघत होते.

आज सकाळी गाडी त्यांना घेऊन गेली. उदगीरचा खिडकीतून ओरडला, "भाऊ, आज तुम्हीच साहेब! डाळ तेवढी शिजवून ठेवा." गुरुजी, एकट्यानं कसं बोलायचं ते तुम्ही शिकवलंत. मागच्यांना सोबत घेऊन कसं बोलायचं, तो धडा कुठल्या इयत्तेत होता? ऊन उतरायच्या आत गाडी परत येते. आज मावळतीची, मगरिबची अजानही होऊन गेली. डाळ गार होऊन घट्ट झालीय. उदगीरच्याला फोन लावतोय, नुसता वाजतोय, उचलत कुणी न्हाई.

खरं सांगू का, तुमची आठवण आली म्हणून मी लिहायला बसलो न्हाई. हा कागद टपालात टाकायचाही न्हाई. पेन थांबलं की कान रस्त्याकडं जातोय, म्हणून लिहायलोय.