भिंतीकडे तोंड केलेली नावं

१० जानेवारी १९५६, मंगळवार

शाळेतून आले तर गिरगावच्या सुलभाताईंचा निरोप येऊन पडलेला. आमची बायकांची शांतता समिती त्यांनीच काढली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चेवाल्यांबरोबर समितीच्या घरांच्याही झडत्या व्हायला लागल्यात म्हणे. कागद नीट आहेत ना?

नीट म्हणजे आमच्या माळ्यावर. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरलेले ताव. वर 'लढाई नको, अणुबाँब नको', खाली आमच्या आणि बाजूच्या चाळींतल्या बायकांची नावं. सही बहुतेकींना येत नाही. नावं मी लिहिली, अंगठे त्यांनी दिले. शाळेचं शाईचं पॅड घरी आणणं मला बरं वाटलं नाही, म्हणून तबकातलंच कुंकू पाण्यात कालवलं. शेजारच्या भागीरथीकाकी विधवा, त्या कुंकवाला बोट लावीनात. त्यांचा अंगठा काजळाचा. सगळ्या लालात तो एक काळा.

दिल्लीला नक्कल गेली. मूळ सांभाळायचं माझ्यावर आलं. सुलभाताई तेव्हा म्हणाल्या होत्या, उद्या कुणी म्हणेल लालबागच्या बायांना लढाईतलं काय कळतं. तेव्हा दाखवायला हे हवं.

११ जाने.

झोप नाही. नावं बायकांची, पण अक्षर माझं. घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. चाळीतली गावाकडची पत्रं मी लिहिते, शाळेतल्या मोठ्या फळ्यावरचा सुविचारही मीच. ओळखायला वेळ लागणार नाही. शिक्षिकेची नोकरी, तीही म्युनिसिपालटीची.

आणि काकींचा वसंत पोलिसात. वरळीला बी. डी. डी. चाळीत राहतो. आईचं नाव असल्या कागदावर निघालं तर त्याची...

संध्याकाळी सगळे ताव उलटे केले. नावं आत, कोरी बाजू बाहेर. वरून सुतळी. कुणी माळ्यावर डोकावलंच तर कोरे कागद वाटावेत. आता जरा बरं वाटतंय.

१४ जाने., संक्रांत

यंदा हळदीकुंकू नाही. कुणाला सुचतंय? आईने तिळगूळ केला, घरोघर नेऊन दिला. दादा गिरणीतून येतो तो परस्पर सभेला. अण्णा त्याला म्हणाले, मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, तू निदान जेवायला मिळ.

१६ जाने., सोमवार. गिरगाव

शाळा सुटल्यावर कागदांचं विचारायला सुलभाताईंकडे आले आणि अडकले. रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्रात नाही. खाली रस्त्यावर माणसंच माणसं. ट्राम बंद. सुलभाताई म्हणाल्या, आज जायचं नाही.

कागदांचं विचारलं. त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "नक्कल पोचलीय ना? मूळ जाळून टाक. त्या बायांच्या घरात पोलीस शिरलेला मला नकोय."

मी हो म्हटलं. पण प्रत्येकीने अंगठा पुसताना काहीतरी विचारलं होतं. बाँब गावाकडेही पडतो का? मुलगा पलटणीत आहे, त्याला परत पाठवतील का? नकलेत नुसती नावं गेली, अंगठे कुठे गेले?

१८ जाने.

चालत घरी. वाटेत काचा, दगड, कुठूनतरी धूर. लांबून गोळीबाराचा आवाज आला की सगळे एकदम भिंतीला लागायचे.

माळ्यावर गठ्ठा नाही. आईला विचारलं. तिने दादाकडे पाहिलं.

दादा म्हणाला, "कोरे होते ना? कागद कुठे मिळतोय आता? पोस्टरं केली. तू नव्हतीस, नाहीतर अक्षर तुझंच घेतलं असतं."

सुतळी सोडून त्याने वरून उचलले आणि ब्रशने 'मुंबईसह' लिहीत गेला. मागची बाजू बघितली नाही. का बघेल? कोरी बाजू वर मीच केली होती. मग अंधारात गोदामाच्या लांब भिंतीला खळ फासून, गॅलरीतून दिसतात तिथे, ओळीने चिकटवले. नावं भिंतीकडे.

मी त्याला सांगितलं तेव्हा तो खाली बसला. म्हणाला, आई शप्पथ शालू, मला वाटलं शाळेचे उरलेले असतील. शाळेचा कागद मी घरी कधी आणला आहे?

१९ जाने.

कर्फ्यू. गॅलरीत उभं राहायचीही भीती.

खळ ओली होती तोवर कुंकू सुटलं असावं. पोस्टरांवर लाल डाग उमटलेत, बोटाएवढे, ओळीत. लोकांना वाटतं दादाने मुद्दाम रक्ताचे थेंब काढले. तळमजल्यावरचे तात्या त्याला म्हणाले, वा रे पठ्ठ्या, तुला गिरणीत कशाला घातला, जे. जे. स्कूलमध्ये घालायला हवा होता. दादा हसला नाही.

कोपऱ्यावर पोलीस. त्यांत वसंत. आमच्या गॅलरीत गोट्या खेळून मोठा झालेला, त्याला आज खालच्यांनी पाणी दिलं नाही. काकी वरून बघत होत्या. 

२० जाने., शुक्रवार

बाजारहाटासाठी कर्फ्यू उठवला. पदराआड पाण्याचं भांडं घेऊन भिंतीपाशी गेले. एका पोस्टराचा कोपरा भिजवून ओढला. कागद फाटला. अर्धं 'सरस्वती' माझ्या हातात, उरलेलं भिंतीवर.

मागून वसंत. "शालू, काय चाललंय?"

 म्हटलं, फाडून टाकते, दादाला उगाच त्रास.

त्याने इकडे तिकडे बघितलं. "हात लावू नकोस. उद्या आम्हीच खरवडणार. त्यातलं एक सबंध काढून चौकीवर न्यायचंय. अक्षर कुणाचं ते बघणारेत साहेब."

पुढचं अक्षर दादाचं. मागचं माझं. आणि तो सबंध काढणार म्हणजे मागची बाजू त्याच्याच हातात. त्या क्षणी सांगता आलं असतं. त्यांतल्या एकावर तुझ्या आईचं नाव आहे, वसंता. नाही सांगितलं. त्याला सांगायचं म्हणजे पोलिसाला सांगायचं. न सांगावं तर त्याला आंधळ्यासारखं पुढे ढकलायचं. आणि काकींना न विचारता मी कोण सांगणार?

संध्याकाळ

काकींना सगळं सांगितलं. तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. वाटलं रागावतील. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "अंगठो माझो, भीती तुका कित्याक?"

म्हटलं, वसंतची नोकरी जाईल.

"त्येका मी सांगतंय." मग सुपाकडे बघत, "लढाई नको म्हटलंय. चोरी नाय केलंय."

२१ जाने.

भिंत खरवडली. पत्र्याचा आवाज सकाळभर. लगदा गटारात, लाल पाणी. बायका गॅलरीतून बघत होत्या आणि त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की ते आपलंच कुंकू. मला ठाऊक होतं. आत येऊन बसले.

शेवटचं पोस्टर वसंतने काढलं. भिजवून, पातं घालून, सावकाश. सबंध निघालं. त्याने उलटं करून बघितलं. बराच वेळ. मग गुंडाळी केली, काखेत धरली, गेला.

काकींनी त्याला आधी गाठलं होतं का? विचारलं. म्हणाल्या, त्याच्याभोवती इतके पोलीस, जवळ जाऊ देतात का.

दादा म्हणतो, उद्या येतील, मी सांगेन सगळं माझंच अक्षर. दादाला जोडाक्षरं धड येत नाहीत.

२२ जाने., रविवार

दुपारी दारात बूट वाजले. आई देवाला हात जोडून उभी राहिली. बूट पुढे गेले, काकींच्या खोलीत.

काकींनी मला हाक मारली. वसंत गणवेशातच पाटावर बसला होता, टोपी मांडीवर. काकींनी संक्रांतीचा ठेवलेला तिळगूळ त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो तोंडात टाकला नाही. आईचा हात धरून ठेवला, अंगठा वर करून बघत राहिला. काकींनीही हात काढून घेतला नाही. 

जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "शाळा उघडली की फळ्यावर थोडे दिवस दुसऱ्या कुणाला लिहू दे."

मी विचारलं, कागद कुठे आहे? चौकीवर दिलास?

तो टोपी नीट करत होता. खाली तात्यांच्या दारात त्याने पाणी मागितलं. तात्यांनी दिलं की नाही ते वरून दिसलं नाही.

काकींनी पाट उचलला. म्हणाल्या, तुझ्याकडे अजून ताव असला तर आण. काजळ आहे, अंगठा परत देते.

एक आहे. अजून काढला नाही. उद्या शाळा उघडली आणि मोठ्या बाईंनी नेहमीसारखा खडू माझ्याच हातात दिला तर...