साखर मालकांच्या नावावर

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. लेकाला, किशोरला, बँकेतून मिळालेली डायरी कोरीच पडली होती. चौथी शिकलीय मी, अक्षर अजून गोल हाय. ही कुणी वाचायची न्हाई.

कारण असं. किशोरची लेक क्षितिजा जगातल्या दवाखान्यांसाठी एक नियम काढतीय. सकाळपासून ल्यापटॉपवर बोलत असती, पलीकडं एक जर्मनीचा, एक केरळची. मला तिनं समजावलं की आजी, प्रत्येक दवाखान्याचा कम्प्युटर पेशंटची माहिती आपापल्या तऱ्हेनं लिहितो, एकाचं दुसऱ्याला कळत न्हाई. म्हणून सगळ्यांना मिळून एकच नमुना. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा. मी म्हटलं, म्हंजे सातबारा. गावं हजार, रकाने तेच. ती म्हणली, आजी, दोन वर्षं मी लोकांना हेच सांगतीय! त्यांना दोन वर्षं लागली, मला दोन मिनिटं.

आतापर्यंत नमुना कच्चा होता, दर महिन्याला बदलायचा. आता पक्का काढायचा, मग हलवायचा न्हाई. तारीख २८ मार्च. मी म्हटलं, दोन दिवसांवर पाडवा असताना मुहूर्त कशाला सोडायचा? ती हसली. जर्मनीवाल्याला पाडवा ठाऊक न्हाई म्हणे.

संकल्प: रोज लिहिणे. चहात साखर एक चमचा.

५ मार्च

काल राहिलं. पाहुणे होते.

क्षितिजाला खऱ्या माणसाची माहिती पायजे, नमुन्यात बसती का बघायला. मी लगेच हो म्हटलं. वय एकाहत्तर आणि अंगाला एक रोग न्हाई. जगाला दाखवायला अशीच बाई बरी. ती म्हणली, नाव गाळणार हाय आजी. मी म्हटलं, राहू दे की नाव, कुणाचं काय जातंय.

आमची सून शुभांगी भाकरी थापत होती, तिथनंच बोलली. आत्याबाई, रोग न्हाई तर दर महिन्याला पौडला बंडोपंत डॉक्टरांकडं काय दर्शनाला जाता?

तिला सरळ बोलता येत न्हाई. माहेरच तसं हाय.

साखर हाय, पण ती मालकांची हाय. बंडोपंतांकडं घराला एक फाइल असती, कर्त्या माणसाच्या नावानं. आमची ‘हैबतराव, भरे’, मालकांचं नाव आणि गाव. किशोरची कावीळ, माझी बाळंतपणं, समदं तीत. मालकांना जाऊन सहा वर्षं झाली. जमीन, मीटर, घरपट्टी किशोरनं आपल्या नावावर करून घेतली. फाइलसाठी कोण हेलपाटे घालणार? बंडोपंत रक्त माझं काढतात, आकडा मालकांच्या नावाखाली लिहितात. लिहिलेलं ते खरं. तलाठ्याकडं असंच असतं.

८ मार्च, शनिवार

एक चमचा पाळला. दुपारी वरच्या रूमवर गेले. नलिनी म्हणून भाडेकरू हाय, लातूरची, हिंजवडीला कंपनीत जाती. चहा लई गोड करती बिचारी, एकटी राहती ना. दोन कप झाले. दुसऱ्याच्या घरचा चहा आपल्यात मोजत न्हाईत.

उजव्या अंगठ्याला चप्पल चावलीय. नवी हाय.

११ मार्च

तहान लई. ऊन हाय.

बंडोपंतांच्या गोळ्यांचं आज ठरवून टाकलं. क्षितिजा फोनवर कुणाला तरी सांगत होती की दुसऱ्याच्या नावाचं औषध कधी घेऊ न्हाई. शिकलेल्या पोरीचं ऐकलं पायजे. चिठ्ठीवर बघितलं तर हैबतराव. म्हंजे इतके दिवस मी चुकत होते. गोळ्या मालकांच्या फोटोमागं ठेवल्या. त्यांच्या त्यांना.

१३ मार्च, होळी

पुरणपोळ्या दोन.

तीन.

शुभांगी टक लावून बघत होती. मी क्षितिजाला विचारलं, नमुन्यात सणाचा रकाना हाय का? सणाचं खाणं वेगळं धरायला पायजे. न्हाई म्हणली. पक्का करायच्या आधी घाल म्हटलं. बघते म्हणली. माझ्यावाचून त्यांचं कसं झालं असतं कोण जाणे.

१८ मार्च

पाच दिवस लिहिलं न्हाई. कामं.

जुनी चप्पल घातली तरी अंगठा तसाच. म्हंजे जुनीपण चावती. हळद लावली. दुखत तर काईच न्हाई, मग काळजी कशाची?

डायरीच्या रेघा फिक्या दिसतात. बँका आता हलका कागद वापरतात.

२१ मार्च

क्षितिजा स्कूटीवरनं पौडला घेऊन गेली. बंडोपंत म्हणाले, वहिनी, नात केवढी झाली! माहिती द्यायला माझी परवानगी पायजे होती, तर मी सही केली. अंगठा न्हाई, सही.

कम्प्युटरवर माझं नाव शोधलं. एक ओळ निघाली न्हाई. मी क्षितिजाला म्हटलं, बघितलंस? कोरी हाय मी. तिचा चेहराच पडला. बंडोपंत म्हणाले, अहो, घराची फाइल आहे, हैबतरावांची, त्यातच सगळं सापडेल. क्षितिजानं किशोरला फोन करून त्यालाही विचारलं आणि ती घेतली.

येताना पेढे घेतले. परवानगीचे.

२४ मार्च

नमुना अडला.

क्षितिजानं फाइल त्यात घातली. मला बोलावून दाखवलं, अक्षर मोठं करून. हैबतराव, पुरुष. बाळंतपणं तीन. गर्भाशयाची पिशवी काढली. मृत्यू २०१९. जेवणानंतरची साखर, गेल्या महिन्यात, तीनशे वीस.

नमुन्यात नियम हाय म्हणे की मेलेल्या माणसाची तपासणी होत न्हाई. तिथं समदं लाल झालं.

मी म्हटलं, मालक चिवटच होते.

कुणी हसलं न्हाई. किशोर तर उठूनच गेला.

२६ मार्च

त्यांची मीटिंग झाली. मी मागं बसून शेंगा सोलत होते. जर्मनीवाला म्हणला की हा नियमच काढून टाकू, तारीख जवळ आलीय. केरळची बाई म्हणली, नियम बरोबर हाय, आधी तो माणूस शोधा. हे क्षितिजानं मला मागनं सांगितलं, मला त्यांचं इंग्रजी कळत न्हाई.

मीटिंग चालू असतानाच क्षितिजा बोलायची थांबली. वळून माझ्या पायाकडं बघितलं. आजी, पाय दाखव म्हणली. मी म्हटलं, चप्पल लागलीय. तिनं जवळ येऊन बघितलं. मग म्हणली, आजी, ही तीनशे वीस कुणाची?

मी म्हटलं, मालकांची.

तर रडायलाच लागली. एवढी शिकलेली पोरगी, सहा वर्षं झाली तरी आजोबांसाठी रडती. माया लई हाय तिला.

२८ मार्च

रिलीज पुढं ढकललं. पाडव्याला करायचं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

काल मला पुण्याला नेलं. पायाच्या डॉक्टरांनी जखम धुतली, सुईनं टोचून बघितलं. मला काईच लागलं न्हाई. मी खुशीत सांगितलं, लागत न्हाई. ते म्हणले, आजी, तेच तर वाईट आहे, अजून पंधरा दिवसांनी आल्या असत्या तर अंगठा काढावा लागला असता. डॉक्टर लोकांना घाबरवायची सवय असती. पण किशोर भिंतीला टेकून उभा होता, त्याच्याकडं बघून मी पाय परत पुढं केला.

घरी आल्यावर शुभांगीनं मालकांचा फोटो पुसायला काढला. गोळ्या खाली पडल्या. खाली बसून एकेक मोजून वेचल्या. बोलली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च, पाडवा

सकाळी क्षितिजानं बटण दाबलं. नमुना पक्का झाला. नियम राहिला. खाली एक नवी सूचना घातलीय: घराची एकच फाइल असेल तर आधी माणसं वेगळी करा. मी म्हटलं, ही माझी. व्हय आजी, तुझीच म्हणली. नाव न्हाई घातलं.

गुढीला साखरेची गाठी होती. ती उतरवल्यावर शुभांगीनं नलिनीला देऊन टाकली, आणि वरच्या रूमवरचा चहा बंद म्हणून तिला सांगितलं. मला कडुलिंब. गूळ न्हाई.

बंडोपंतांनी फाइल वेगळी करून दिली. क्षितिजानं पक्क्या नमुन्यातला पहिला कागद छापून माझ्या हातात दिला. रत्नाबाई हैबतराव, स्त्री, एकाहत्तर. बाळंतपणं तीन. मधुमेह. तीनशे वीस. रकाने सरळ हायेत, छपाई चांगली हाय.

या घरात येऊन पंचावन्न वर्षं झाली. जमीन, मीटर, घरपट्टी मालकांकडनं किशोरकडं गेली. माझ्या नावावर चढलेलं हे पहिलंच.

कागद ट्रंकेत ठेवला. गोळीच्या चिठ्ठीवरचं नाव चष्मा लावून दोनदा वाचलं. माझंच हाय.

घेतली.